गाडी ऑइल खाते, आणि 'नॉर्मल' किती ते कंपनी ठरवते

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण घरात कुणाचीही दोन-चार वर्षांची पेट्रोल टर्बो गाडी असेल तर शेवटपर्यंत वाचा, आणि उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढून बघा. खरंच बघा.

मागच्या वर्षी पुण्याहून सांगलीला येत होतो. खंबाटकी उतरलो आणि सुरूरच्या अलीकडे डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. मागच्या सीटवर आई होती. गाडी बाजूला घेतली, दहा मिनिटं थांबलो, पट्टी ओढली तर टोक कोरडं. सर्व्हिस होऊन जेमतेम साडेसहा हजार किलोमीटर झाले होते. जवळच्या पंपावरून दोन लिटर ऑइल आणून ओतलं, तेव्हा कुठं पट्टीवर मधोमध आलं. माझ्या गाडीत फिल्टर धरून ३.६ लिटर ऑइल बसतं. म्हणजे आम्ही घाट उतरलो तो लिटरभर ऑइलवर. खाली गळतीचा एक थेंब नव्हता. गेलं ते सगळं इंजिनानं जाळलं.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण मलाही तोवर माहीत नव्हती. हा लाल दिवा ऑइल कमी झाल्याचा नसतो, ऑइलचं प्रेशर गेल्याचा असतो. बहुतेकांना वाटतं पेट्रोलच्या रिझर्व्हसारखं असेल, दिवा लागला की बघू. तसं नाही. दिवा लागतो तेव्हा पंपाला ओढायला ऑइल मिळेनासं झालेलं असतं. तेव्हा आणखी चार किलोमीटर रेटली की बेअरिंग जातं, आणि मग कंपनी म्हणते, तुम्ही लक्ष दिलं नाही, वॉरंटी बाद.

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गेलो. नाव लिहीत नाही, कंपनीचंही आणि शोरूमचंही. प्रकरण आता कागदावर गेलंय, तिथं नाव आहे. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर तरुण पोरगा, बोलायला गोड. म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका, हे नॉर्मल आहे." आणि मलाच माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधलं पान काढून दाखवलं. तिथं लिहिलंय की दर १००० किलोमीटरला १ लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं.

आता हा हिशोब माझ्याबरोबर करा. कंपनी म्हणते १००० किलोमीटरला १ लिटर चालेल. तीच कंपनी म्हणते ऑइल बदलायची सर्व्हिस १०,००० किलोमीटरला. म्हणजे कंपनीच्याच नियमानं दोन सर्व्हिसच्या मध्ये गाडीनं १० लिटर ऑइल खाल्लं तरी ती ठणठणीत. इंजिनात बसतं ३.६ लिटर! भरलेलं ऑइल जवळजवळ तीनदा संपवून वर पुन्हा मागणारं इंजिन 'नॉर्मल'? पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एका लिटरचं अंतर असतं. म्हणजे खूण गाठलेली गाडी १००० किलोमीटरनंतर खालच्या खुणेवर, आणि साडेतीन हजारावर कोरडी. सांगली-पुणे सात-आठ फेऱ्या मारल्या की संपलं.

मी हे तिथं बोलून दाखवलं. पोरगा हसला. म्हणाला, "सर, एवढं कुठली गाडी खात नाही." अहो, मग लिहिलंय कशाला?

कशाला लिहिलंय ते मला वर्षभरात कळलं. तो आकडा गाडीसाठी नाहीच, तक्रारीसाठी आहे. इतका उंच ठेवायचा की खाली उभा असलेला कुणीही 'पास' होतो.

मग त्यांनी टेस्ट केली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं. ड्रेन बोल्ट, फिलरचं झाकण आणि पट्टी यांना सील मारलं. म्हणाले १००० किलोमीटर चालवून आणा. आणली. ५६० मिली कमी. रिपोर्ट काय? मर्यादेत. पाच महिन्यांनी भांडून पुन्हा टेस्ट लावली. ७४० मिली. रिपोर्ट? मर्यादेत. पाच महिन्यांत १८० मिलीनं वाढलं याचा रिपोर्टमध्ये रकाना नाही. वर्क्स मॅनेजरसाहेब म्हणाले, "हजाराच्या वर गेलं की या, लगेच इंजिन खोलू." माझी वॉरंटी तीन वर्षांची. आज तिचे पाच आठवडे उरलेत. माझं इंजिन हजाराच्या वर जाणारच आहे हो, फक्त वॉरंटी संपल्यावर. आणि त्या वेळचं एस्टिमेट मी आजच तोंडी विचारून घेतलंय: पिस्टन, रिंगा, मजुरी धरून एक लाख ऐंशी हजार.

मिरजेत आमचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी प्लग काढून दाखवले. चारातले दोन ऑइलनं ओले, काळेकुट्ट. मी म्हटलं, पण शोरूमनं कॉम्प्रेशन चेक केलं, बरोबर आलं. ते म्हणाले, "साहेब, कॉम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात. ऑइल पुसायची रिंग खालची. ती कार्बननं चिकटून बसली तर कॉम्प्रेशन चांगलंच दाखवणार आन् ऑइल वर जातच राहणार." एवढ्या साध्या भाषेत मला शोरूमच्या काचेच्या केबिनमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर मी वाचत गेलो. मायलेज वाढावं म्हणून हल्ली इंजिनातलं घर्षण कमी करतात. त्यासाठी रिंगांचा ताण कमी ठेवतात, ऑइल अगदी पातळ वापरतात, वर टर्बोची उष्णता. पिस्टनमधली ऑइल परत खाली जायची भोकं बारीक असली आणि त्यात कार्बन बसला की रिंग मोकळी हलत नाही. हे सगळ्याच गाड्यांत होत नाही. डिझाइन नीट असेल तर पातळ ऑइलवरही इंजिन लाखभर किलोमीटर सहज जातं. पण ज्या इंजिनात होतं, तिथं तो चालवणाऱ्याचा दोष नसतो, आणि मलाच जे विचारलं गेलं, "सर, तुम्ही जोरात चालवता का?", ते ऐकून डोकं फिरतं. माझं वय पंचावन्न आहे आणि शेजारी बहुतेक वेळा आई असते.

कंपनीची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. प्रत्येक इंजिन थोडं ऑइल खातंच. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर लागतोच, त्यातला थोडा जळतोच. नवी गाडी पहिले काही हजार किलोमीटर जास्त खाते. शून्य कुणी मागत नाहीये. दर पेट्रोल भरताना पट्टी बघा असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेही खरं. पण मग शोरूममध्ये गाडीची किल्ली देताना फुगे लावून फोटो काढता, तेव्हा हे का नाही सांगत? माहितीपत्रकात मायलेज, सनरूफ, रंग, स्क्रीन किती इंचांची, सगळं आहे. 'दर हजाराला लिटरभर ऑइल लागू शकतं' हे वाक्य तिथं छापा. बघू किती गाड्या खपतात.

आणि मायलेजचा आकडा तरी निदान सरकारमान्य संस्थेच्या चाचणीतून येतो. धूर किती सोडायचा याचे भारत स्टेजचे नियम आहेत. ऑइलचा आकडा मात्र कंपनीनं स्वतः लिहायचा, टेस्ट कंपनीच्याच डीलरनं करायची, आणि निकालही त्यानंच द्यायचा. सोनारानं स्वतःच्याच काट्यावर तोलायचं आणि काटा बरोबर आहे असं सर्टिफिकेटही स्वतःच लिहायचं, असली तऱ्हा.

हा आकडा देवानं दिलेला नाही, याचा पुरावा अमेरिकेत आहे. (माझी गाडी पुढच्या दोन्ही कंपन्यांची नाही, उगाच अंदाज बांधू नका.) तिथं टोयोटाच्या २.४ लिटरच्या एका इंजिनाबद्दल अशाच तक्रारी होत्या. कंपनीची मर्यादा होती १२०० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे आपल्या मापात हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर. त्याच्या वर गेलेल्या गाड्यांचे पिस्टन आणि रिंगा कंपनीनं वाढीव वॉरंटीत फुकट बदलून दिल्या. तिथल्याच सुबारूच्या मालकांनी एकत्र येऊन दावा लावला. २०१६ मध्ये तडजोड झाली आणि इंजिनाची वॉरंटी ५ वर्षं-६०,००० मैलांवरून ८ वर्षं-१,००,००० मैलांवर गेली. म्हणजे टोयोटाच्या त्या मापानं माझी गाडी दोन्ही टेस्टमध्ये नापास. सांगलीत पास! ऑइल तेच, लोखंड तेच, फक्त गिऱ्हाईक वेगळं.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. तिसऱ्या खेपेला तोच अ‍ॅडव्हायजर मला बाहेर पार्किंगपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "सर, या महिन्यातली तुमची चौथी गाडी आहे." मी म्हटलं, लिहून दे. तो गप्प. त्याचा राग नाही, पोरगा नोकरी करतो. पण चौघांनाही एकेकटं बोलावून "तुमचीच पहिली तक्रार आहे" हेच सांगितलेलं असणार. मला तर पहिल्या दिवशी अगदी याच शब्दांत सांगितलं होतं.

आणि आता जुनी जॉब कार्ड काढून बघा. मी काढली. पहिल्या खेपेला मी ओरडून सांगितलं होतं की इंजिन ऑइल खातंय. कार्डावर काय? 'ऑइल लेव्हल चेक. टॉप-अप केले. गाडी ओके.' म्हणजे कागदोपत्री मी फक्त ऑइल भरून घ्यायला आलो होतो. दुसऱ्या खेपेपासून मी सही करायच्या आधी 'जास्त ऑइल खाते, ग्राहकाची तक्रार' हे शब्द लिहून घेतले. त्यासाठी पाऊण तास वाद घातला. तुम्हीही घाला. तो पाऊण तास वर्षभराच्या ईमेलपेक्षा मोलाचा आहे.

ईमेलचं विचारू नका. नऊ पाठवले. प्रत्येकाला एक तक्रार नंबर मिळतो, दोन दिवसांनी डीलरचा फोन येतो, 'सर, गाडी घेऊन या', आणि तिसऱ्या दिवशी मेसेज येतो की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कुणी काढली, काय निकाल लागला, काही नाही. शेवटी मागच्या महिन्यात एक 'सदिच्छा' प्रस्ताव आला: सुट्या भागांचे निम्मे पैसे कंपनी देणार, बाकीचे आणि मजुरी माझी, आणि मी लिहून द्यायचं की आता माझी काही तक्रार उरलेली नाही. इंजिन नॉर्मल असेल तर निम्मे पैसे कशाचे देता? आणि नॉर्मल नसेल तर वॉरंटीत असताना निम्मे मी का देऊ? मी सही केली नाही. घरी यावरून बोलणी खाल्ली, तेही सांगतो. बायको म्हणाली, बरेच पैसे वाचत होते. तिचंही चुकलेलं नाही.

ग्रुपवर एकानं सल्ला दिला, 'काका, डिकीत एक डबा ठेवा आणि विषय सोडा.' बाळा, डबा आहेच डिकीत. लिटरला नऊशेच्या आसपास पडतं, ते मी सोसतोय. पण जळलेलं ऑइल कुठं जातं? सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर त्याची राख बसते आणि तो हळूहळू निकामी होतो. म्हणजे उद्याचा दुसरा खर्च, आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या छातीत निळा धूर. पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, तेही उभ्या गाडीचा. घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जो भपकारा निघतो, तो पीयूसीवाल्याच्या मशिनला कधी दिसतच नाही.

आणि म्हणूनच हा माझ्या एकट्याच्या गाडीचा विषय नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०अ आलं. एखाद्या मॉडेलच्या दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर सरकार त्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पर्यावरण हा शब्द त्यात सगळ्यात आधी आहे. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. पण त्यासाठी त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठरावीक टक्के तक्रारी सरकारच्या पोर्टलवर नोंदलेल्या लागतात. आता कळलं 'टॉप-अप केले, गाडी ओके' का लिहितात? तक्रार तोंडीच जिरली की टक्केवारी कधी भरतच नाही. चार गाड्या वर्कशॉपच्या एका दारातून आत आल्या, दुसऱ्यातून बाहेर गेल्या, आणि सरकारच्या लेखी एकही नाही.

ग्राहक संरक्षण कायद्याचंही थोडं सांगतो, कारण 'कोर्टात कोण जाणार' म्हणून बरेच जण निम्म्या पैशांवर सही करतात. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस गुरगावला असो की चेन्नईला, त्यांनी सांगलीला यायचं. गाडीला मोजलेली रक्कम १० ते २० लाखांमध्ये असेल तर फी ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि इथंच लोक फसतात. 'पुढच्या सर्व्हिसला बघू' करत दोन वर्षं कधी जातात कळत नाही. टुरिस्ट गाडीवाल्या मित्रांनो, व्यवसायाची गाडी म्हणून तुम्हाला घाबरवतील. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायद्यानं तुम्हीही ग्राहकच आहात.

अडचण एकच, पण मोठी. उत्पादनातला दोष आहे हे आपण सिद्ध करायचं असतं. नुसतं 'गाडी ऑइल खाते' म्हणून भागत नाही. वस्तू तपासल्याशिवाय दोष ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याची फी आधी आपण भरायची. मी तीच मागणी केली आहे. १९१५ या हेल्पलाइनवरही नोंद करा, नंबर मिळतो, कधी कधी कंपनी हलतेही. पण हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, तिच्यावरच विसंबून मुदत घालवू नका.

म्हणून मोजा. मी पहिल्या खेपेनंतर वही घातली. सपाट जागा, सकाळी थंड इंजिन, पट्टी पुसून दोनदा ओढायची. ऑइल ओतायच्या आधी आणि नंतर डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा. लिटरभर ऑइल साधारण ८५० ग्रॅम भरतं, म्हणजे अंदाजपंचे काम नको. तारीख, किलोमीटर, वजन, मोबाइलवर फोटो, ऑइलची पावती वहीला चिकटवलेली. अकरा महिन्यांत १२,४०० किलोमीटर, आणि सर्व्हिसचं सोडून वरून ओतलेलं ऑइल ८ लिटर १०० मिली. वर्क्स मॅनेजरनी ती वही बघितली तेव्हा पहिल्यांदा 'नॉर्मल' म्हणायच्या आधी दोन सेकंद थांबले.

रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली, पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. मागच्या मंगळवारी आयोगात तक्रार दाखल केली आहे. त्यात गाडीची दुरुस्ती मागितली आहे आणि आणखी एक गोष्ट: या शोरूममध्ये गेल्या दोन वर्षांत ऑइल खाण्याच्या किती तक्रारी आल्या, त्याचं रजिस्टर आयोगापुढं ठेवा. ते म्हणतील असं रजिस्टरच नाही. तेव्हा आपल्याकडं असलं पाहिजे.

तर ज्यांची कुणाची अशी तक्रार आहे, त्यांनी रविवारी सकाळी १० वाजता विश्रामबागला या, चौकातल्या चहाच्या गाड्यापाशी मी असेन. कंपनी कुठलीही असो. मला इनबॉक्समध्ये 'माझी पण सेम' एवढंच लिहून पाठवू नका, त्याचा आयोगात उपयोग नाही. जॉब कार्डांच्या झेरॉक्स आणा, सगळ्या. 'टॉप-अप केले, गाडी ओके' लिहिलेल्या तर नक्कीच आणा.